‘जाऊन येते’ म्हणायचं नाही

प्रिय औसेपा,

येशूची स्तुती असो. तुझी वेलची फुलली का, गुडघा वाकतो का, आणि तिकडे डोंगरात सकाळी ढग अजून अंगणात येऊन बसतात का, ते कळव. आम्ही खुशाल आहोत. घर मात्र शाळा सुटल्यावरच्या वर्गासारखं झालंय.

आमचा बिनोय दोन्ही पोरांना घेऊन आयर्लंडला जिन्सीकडे गेला. (सून तिथे नर्स आहे, आपल्याकडे कुणाची नाही?) तिनं फोनवर तिथलं गवत दाखवलं की मला दुसरीच्या पुस्तकातलं कुरण आठवतं, मग कविता आठवते, मग भात करपतो.

पण सांगायचंय ते नातीचं, रोसमोळचं. दोन वर्षांपूर्वी जिन्सी उंबऱ्यावर रीतीप्रमाणे ‘जाऊन येते’ म्हणाली, आणि तीन वर्षांची पोर संध्याकाळपर्यंत पायरीवर वाट बघत बसली. तेव्हापासून घरात ते शब्द बंद. मासे आणायला निघालो तरी मी गोठ्यामागून, मुक्यानं. परवा प्रार्थनेला आलेले पाद्री निघताना सवयीनं तेच बोलून गेले, तर तिनं त्यांच्या झग्यालाच मिठी मारली. बिचारे जेवायला थांबले (मटणाला नाही म्हणणं त्यांना तसंही जमत नाही) आणि ती झोपल्यावर सुटले.

निघायच्या दिवशी गाडी दारात, माशाच्या लोणच्याच्या पेट्या टपावर. पोरीला आईकडे जायचं होतं, पण ते शब्द म्हणायचे नव्हते. आणि ते म्हटल्याशिवाय राहेल नातीला उंबरा ओलांडू देईना. (बायको माझी आहे, पण उंबरा तिचा.) बिनोय घड्याळ बघून घामाघूम. विमान काही थांबणार नव्हतं. मी मध्ये पडलो, पोरीला रिझवायला नदीची एक कविता म्हणू लागलो, आणि पहिल्याच ओळीला थांबून चष्मा पुसत बसलो.

तेव्हा रोसमोळच या आजोबापुढे आली. “अप्पच्चा, मी जाते.”

“असं बोलू नये गं,” राहेल म्हणाली. “येते म्हण.”

“अम्मा येते म्हणाली होती. आली का?”

राहेल बाजूला झाली. पोर गाडीत जाऊन बसली, आणि धूळ खाली बसली तरी आम्ही दोघं तिथंच उभे.

तुझा,
चाक्को

ता. क. माझी काळजी करू नकोस. ज्याला कविता पाठ आहेत, त्याला एकटेपण कसलं?

ता. क. दुसरा. तुझ्या लोकरीच्या कानटोपीला कसर लागली नसेल तर बसच्या कंडक्टरबरोबर पाठव. दोन असतील तर दोन्ही. राहेलचं डोकं मोठं आहे. आयर्लंडात पोरांना शाळेतून आणायला घरचं माणूस लागतं म्हणे. कवितावाला चालेल का, असं जिन्सीला विचारलंय.