घरातलाच वकील

प्रिय ताई,

मला कामावरून काढलं. तडजोडीच्या करारावर सही घेताना एचआरच्या मॅडमनी विचारलं, "वकिलांना दाखवलात ना?" "घरातच वकील आहे, सख्खी बहीण!" असं छाती फुगवून सांगितलं आणि सही ठोकली.

तुला दाखवायचा, तर हाकललं हेही सांगावं लागलं असतं. तुझ्या सल्ल्याला जन्मभर 'फुकटची पोपटपंची' म्हणणारा मीच ना!

सही केल्यावर घरी येऊन वाचला. कंपनीवर दावा करायचा नाही, आणि स्वतःच्या वकिलाखेरीज कुणापाशी याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बायकोपाशीसुद्धा.

काल तुझा फोन आला. "काय साहेब, ऑफिस काय म्हणतंय?"

"झकास!" म्हणालो.

जगात ज्या एकाच माणसाला सांगायची मुभा होती, तिलाच थाप मारली. हे पत्रही खिशातच राहणार.

तुझा पक्षकार व्हायला लाजणारा,
धाकटा