बरं असतानाचं औषध

बाबा, गेल्या आठवड्यात एका नव्या डॉक्टरणीने माझी सगळी जुनी कहाणी विचारून घेतली. दमा कधीपासून, घरात आणखी कोणाला, लहानपणी कोणती औषधं झाली. मी तुमच्या पायपंपाचं सांगितलं, काचेच्या छोट्या कुप्यांचं सांगितलं, तेव्हा तिने लिहिता लिहिता विचारलं, ‘मग त्याने फरक पडला होता का?’ मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. मग म्हटलं, मला माहीत नाही. ती माझ्या मुलीच्या वयाची आहे, तिला वाटलं असेल बाईंना आठवत नाही. आठवतं सगळं. समजत नाही, एवढंच. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि हे ज्याला विचारावं असं तुमच्याशिवाय कोणी नाही.

चौकातल्या कापडवाल्याकडे पहिला रंगीत टीव्ही आला, ते वर्ष. मी सातवीत होते. जरीपटक्याच्या बाजाररस्त्यावर आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागे दोन खोल्या. त्या पावसाळ्यात दोनदा मैत्रिणींनी मला दोन्ही बाजूंनी धरून शाळेतून घरी आणलं होतं. शेवटी तुम्ही दुकान बंद करून मला सदरमधल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलात. त्यांच्याकडे एक नवीन औषध होतं. ते प्यायचं नव्हतं, टोचायचंही नव्हतं. एका प्लास्टिकच्या वाटीत ओतायचं, खालून जोराने हवा सोडायची, की त्याचं थंड धुकं व्हायचं आणि ते नाकातोंडावर मास्क धरून श्वासात ओढायचं. डॉक्टर म्हणाले, ‘दम लागल्यावर याचा काही उपयोग नाही. दम लागू नये म्हणून हे रोज चार वेळा घ्यायचं. पहिले तीन-चार आठवडे फरक दिसणार नाही, तरी थांबायचं नाही.’ तुम्ही विचारलंत, ‘पोरगी बरी असली तरी?’ ते म्हणाले, ‘बरी असतानाच.’ तुम्ही तेच पुन्हा दोनदा विचारलंत आणि ते न कंटाळता तेच पुन्हा दोनदा म्हणाले.

परतताना मी कॅरिअरवर बसले आहे. रेल्वे फाटक बंद आहे. तुम्ही एक पाय जमिनीवर टेकून उभे आहात. मग मागे न बघताच विचारता, ‘तुले समजलं का वं?’ मी म्हणते, ‘नाही.’ तुम्ही म्हणता, ‘मले बी नाही. पण करून पाहू.’

दवाखान्याचा पंप आठ दिवसांच्या बोलीवर मिळाला होता. तो परत करायच्या आत तुम्ही आपला तयार केलात. दुकानातला पायाने दाबायचा पंप, मध्ये स्कूटरची जुनी ट्यूब, तिच्यातून निघणारी रबरी नळी, आणि तेलाचा वास छातीत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी धुतलेल्या मलमलीच्या चार घड्या. डॉक्टरांना नेऊन दाखवलात. त्यांनी स्वतः दाबून बघितला आणि हसून म्हणाले, चालेल. तुम्ही त्याला हुक्का म्हणायचात. ‘चाल वं, हुक्का घ्याची वेळ झाली,’ अशी तुमची हाक आली की मी दप्तर टाकून मोरीपाशी हात धुवायला जायची. तुमचे हात ग्रीसने काळे असायचे, म्हणून कुपी फोडून औषध वाटीत ओतायचं काम माझं. मग मी स्टुलावर बसायची आणि तुम्ही समोर उभं राहून दहा मिनिटं पंप मारायचात. उजवा पाय दुखला की डावा. दिवसातून चार वेळा. एकदा समोर हवा भरायला आलेले शेठ ओरडले, ‘उस्ताद, और कितना टाइम?’ तुम्ही पाय न थांबवता म्हणालात, ‘दस मिनट बैठना पडेगा शेठ, बच्ची की दवा चालू है.’ ते थोडा वेळ बसले, मग सायकल ढकलत दुसऱ्या दुकानाकडे निघून गेले. मी मास्कच्या आतून हे बघत होते. तुम्ही बघितलंत की नाही, कळलं नाही.

पारशिवनीहून आत्या आली तेव्हा तिने कुपी उजेडात धरून बघितली. ‘हे तं पाणीच होय गा. ना वास, ना रंग. अन् चांगल्या हसत्याखेळत्या पोट्टीले कोणती दवा देऊन राहिला तू? काहून?’ तुम्ही म्हणालात, ‘चेनीले तेल आपण ते कुरकुर कराले लागल्यावर टाकतो काय?’ आत्या म्हणाली, ‘पोट्टी काय सायकल होय?’ आई स्वयंपाकघरात हसली. तुम्ही हसला नाहीत. आत्या जाईपर्यंत रोज हाच वाद व्हायचा, आणि तिच्यासमोर पंप मारताना तुम्ही थोडे जोरात मारायचात, असं मला वाटायचं.

दिवाळीपर्यंत मी बरी झाले. एकदम नाही, एक दिवस आईच्याच लक्षात आलं की महिन्याभरात दवाखान्यासाठी रिक्षा बोलवावी लागली नाही. मी शाळेत लंगडी खेळू लागले. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. डबलसीट पोरं घेऊन येणाऱ्या माणसांना थांबवून विचारायचात, कोणाला दमा आहे का. आई म्हणायची, ही दरवर्षी थंडीत बरी असतेच. तुम्ही म्हणायचात, एवढी नसते. दोघांतलं कोणाचं खरं होतं, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आता ते लिहिते. संक्रांत झाली होती. एका सकाळी मी कुपी फोडली आणि औषध मोरीत ओतून दिलं. उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं आणि स्टुलावर येऊन बसले. तुम्ही पंप मारलात. धुकं तसंच आलं. दहा मिनिटांनी तुम्ही म्हणालात, ‘झालं वं, जा शाळेत.’ मी गेले. दुपारी तेच केलं. दुसऱ्या दिवशीही. होळीपर्यंत, बाबा. रोज चार वेळा तुम्ही पाणी उडवत होतात.

का केलं, याची कारणं मी आयुष्यभर बदलत आले. कॉलेजात असताना वाटायचं, कंटाळा आला होता. लग्न झाल्यावर वाटलं, आत्याचं बोलणं मनात बसलं असेल, खरंच पाणी आहे का ते बघायचं असेल. एकदा तर मी स्वतःला असंही समजावलं की तुमचे पाय दुखतात म्हणून. पण ते कसं खरं असेल? पाणी असलं तरी पाय तुम्हीच मारत होतात. मी तुमच्यावर रागावले होते का? कशासाठी? मला सातवीतल्या त्या मुलीचे हात दिसतात, कुपीची मान मोडताना होणारा बारीक आवाज ऐकू येतो, पण ती त्या वेळी काय विचार करत होती तिथे काहीच नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मला अटॅक आला. तोवर आलेल्या सगळ्यांपेक्षा मोठा. ओठ निळे पडले, असं आई सांगायची. मला फक्त ऑक्सिजनच्या नळीचा रबरी वास आठवतो, आणि पायथ्याशी तुम्ही. सदरचे डॉक्टर बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘डोस चुकले होते का?’ तुम्ही म्हणालात, ‘एक बी नाही साहेब. मी सोता मारला पंप. चारही वेळा.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावर मास्क होता, मला बोलता येत नव्हतं असं म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी मास्क काढला, आणि तेव्हाही मी बोलले नाही. होळीचा धूर, परीक्षेची धास्ती, हवा बदलली, असं काय काय बोलून शेवटी डॉक्टर म्हणाले, काही मुलांना हे लागू पडत नाही, बंद करू. पुढे कितीतरी वर्षं गोळ्या आणि इंजेक्शनं.

घरी आल्यावर तुम्ही नळी आणि मलमल काढलीत आणि पंप परत दुकानात नेऊन ठेवलात. आत्या भेटायला आली होती, पण औषधाचा विषय तिने काढला नाही. तुम्हीच म्हणालात, ‘चुकलं मायं, बाई. बऱ्या लेकराले दवा देत बसलो. नसतं ते केलं.’ मी बाजूलाच बाजेवर पडून होते. त्यानंतर तुम्ही सायकलवाल्यांना कधी थांबवून दम्याचं विचारलं नाहीत.

आणि होळीच्या धुराने तो अटॅक औषध घेऊनही आला असता की काय, हेही आहेच. आला असता तर माझ्यामुळे काही झालं नाही. पण मग तुम्ही म्हणालात तेच खरं, औषधाचा उपयोग नव्हता. एक वाचवायला गेलं की दुसरं हातचं जातं. मी हे किती वेळा उलटसुलट करून बघितलं असेल.

सांगायची वेळ आली नाही असं नाही. तुम्ही जायच्या आदल्या वर्षी माझ्या घरी चार दिवस राहायला आला होतात. मी सकाळी इनहेलर घेत होते. तुम्ही दाढी करता करता थांबलात. ‘हे रोज घ्या लागते?’

‘हो.’

‘बरी असली तरी?’

‘बरी असतानाच, बाबा.’

तुम्ही वस्तरा पाण्यात बुडवून तसाच धरून ठेवलात. मग म्हणालात, ‘मंग तवा आपलं बरोबर होतं काय?’

मला उत्तर येत होतं, निदान अर्धं तरी. मी म्हटलं, ‘ते औषध वेगळं होतं.’ ते खोटंही नव्हतं. तुम्ही ‘अस्सं’ म्हणालात आणि उरलेला गाल करायला घेतला. त्या चार दिवसांत तो विषय पुन्हा निघाला नाही.

तुम्ही रागावला असतात म्हणून मी गप्प राहिले, असं मला फार दिवस वाटत होतं. पण तुम्ही माझ्यावर कधी मोठ्याने ओरडल्याचंही मला आठवत नाही. लहानपणी भीती निराळीच होती, हे मी आता लिहिता लिहिता बघते आहे. मी सांगितलं असतं तर तुम्ही काहीही न बोलता नळी परत जोडली असती आणि पुन्हा माझ्यासमोर उभे राहिला असतात. ते मला बघवलं नसतं. का बघवलं नसतं, ते विचारू नका.

हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून एवढं लिहिता आलं. आता एकच राहिलं. घरातले सगळे समजतात की माझं औषध वेळच्या वेळी असतं, आणि बहुतेक दिवस ते असतंही. काल सकाळी छान वाटत होतं. खिडकीत उभी राहून मी पोटभर श्वास घेतला, आणि इनहेलर उचलून परत ठेवून दिला. विसरले नव्हते, बाबा.