बाबांच्या खोलीतली अटक

४ ऑगस्ट, सोमवार

कायद्याच्या शाखा! वृंदा मॅडमनी पहिल्याच तासाला फळा भरला — संविधान, दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, सायबर. "दिवाणीत आपण म्हणायचं, माझं मला द्या. फौजदारीत सरकारच म्हणतं, ह्याने गुन्हा केलाय." एवढं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी मला ऑनलाइन फसवणुकीवर बोलायचंय. चौतिसाव्या वर्षी वर्गापुढे उभी राहणार.

उल्हासनगरहून बेलवलीला घरी पोचले की बाबांचं नेहमीचं — "काय शिकवलं आज?" अंबरनाथला पस्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. सगळं समजावलं. म्हणाले, "म्हणजे आमच्या कंपनीने ओव्हरटाइम बुडवला तो कामगारमध्ये. बरोबर?"

बरोबर!

६ ऑगस्ट

बाबांनी दार लावून घेतलंय. कंबर धरलीय म्हणे. ताटसुद्धा दारातूनच घेतलं. माझ्या पथ्यावरच पडलं — हॉल मोकळा. मोठ्याने तयारी केली. "डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत." तीनदा म्हटलं. पाठ झालं.

७ ऑगस्ट

आजही दार बंद. सकाळी तेवढे बँकेत जाऊन आले. "पासबुक भरायचं होतं." तोंड उतरलेलं. आई गेल्यापासून असं अधूनमधून होतं त्यांचं. विचारायला हवं होतं.

८ ऑगस्ट

छान बोलले! टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, "संजीवनी, कोर्टात उभी राहशील तू."

घरी आले तर बाबा हॉलमध्ये बसलेले, दाढी वाढलेली. म्हणाले, "मिटलं गं सगळं. तुझ्या सनदेला आता धक्का नाही."

कसली सनद? काय मिटलं?

मग बाहेर आलं. बुधवारी सकाळी व्हिडिओवर खाकीतला माणूस. तुमच्या आधार कार्डावर पार्सल गेलंय, आत ड्रग्ज सापडलं. तुम्हाला डिजिटल अरेस्ट. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. घरात कोण कोण असतं?

"मी सांगितलं गं, मुलगी वकिली शिकते. अभिमानाने सांगितलं."

त्यांना आयतंच सापडलं! केस झाली तर मुलीला वकिलीची सनद मिळणार नाही. तपासणीसाठी पैसे सरकारी खात्यात टाका, दोन दिवसांत परत येतील.

फंडाचे अकरा लाख. सगळे.

"बाबा, मी बाहेर तेच तर बोलत होते! ऐकू नाही आलं?"

"आलं की. पण तो म्हणाला, मुलीला शिकवतात ते जुने कायदे. हे नवीन आलेत."

९ ऑगस्ट

१९३० या सायबर हेल्पलाइनवर कालच फोन केला होता. आज पोलीस स्टेशन. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. पैसे एका खात्यातून दहा ठिकाणी फुटलेत. तीनेक लाख गोठवता आले. "काका, पाणी घ्या." बाबांनी घेतलं नाही.

१७ ऑगस्ट

शहाडची आत्या येऊन गेली. "घरात वकिलीण असून!" — मुद्दाम मोठ्याने. बाबा जेवले नाहीत.

२० ऑगस्ट

काय शिकवलं, विचारत नाहीत आता.

२५ ऑगस्ट

भाजी निवडता निवडता बाबा एकदम म्हणाले, "आपलं कुठल्या शाखेत बसतं?"

सांगितलं. फसवणूक, पोलीस असल्याचं सोंग — ते फौजदारी. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा. पैसे वसूल करायचा दावा लावला तर तो दिवाणी.

"आणि लोक मला येडा म्हणतात, ते कुठल्यात?"

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

११ सप्टेंबर

पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले, त्या खात्याचा मालक सापडला. आज जबाबाला येणार होता. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. "मला त्या चोराचं तोंड बघायचंय."

चोर म्हणजे नवसी. बारवी धरणाकडच्या वाडीतली बाई, मजुरीला जाते. कडेवर नातू. "घर मंजूर होल सांगलं. आंगठा घेतला, फोटू काढला, शिम घेऊन गेला. दोन हजार दिलं." पासबुक तिने कधी बघितलंच नाही. आजच आत टाकणार असं वाटत होतं तिला.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. शिव्या पाठ करून आलेला माणूस! मग मला हळूच, "हिलापण बोलण्यात घेतलंय गं. सांग ना तिला काय ते. तू शिकतेयस."

मी तिच्याजवळ बाकावर बसले. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. एकटीने घाबरून काहीबाही कबूल करायचं नाही. तो माणूस कसा होता, कुणाबरोबर आला, आठवेल तेवढं खरं सांगायचं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच कायदा सांगितला. ती मान हलवत होती. बाबासुद्धा.

येताना रिक्षात म्हणाले, "साधी बाई आहे." थोड्या वेळाने — "मीपण साधाच ना? येडा नाही ना मी?"

"नाही हो बाबा."

घरी आल्यावर बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या. किती दिवसांनी!

२१ नोव्हेंबर

गोठवलेली रक्कम परत द्यायचा आदेश झाला. त्याआधी अर्ज लागला. कोर्टातल्या बाईंनी सांगितलं — फिर्यादीच्या नावापुढे 'मयत' लिहा, खाली वारस म्हणून तुमचं नाव.

बाबा १४ सप्टेंबरला गेले. सकाळी, चहा पिता पिता.

तोवर कुठेच लिहिलं नव्हतं, या वहीतसुद्धा. पहिल्यांदा त्या अर्जावर लिहिलं.