रिकाम्या पिशवीच्या तपासणीसाठी तीन मिनिटांचा फोन

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पाळीव प्राणी प्रवास कक्ष,
लांब पल्ल्याच्या बसचे स्थानक, खिडकी क्र. ६.

विषय : मांजर नेण्याची पिशवी रिकामी तपासली जावी यासाठी अर्जदारास तपासणी खोलीत तीन मिनिटे फोन वापरू देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. २ चा अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा, ‘पिशवी रिकामी आणावी’.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी असून स्थानकामागच्या गल्लीत त्याचे सव्वीस वर्षांपासून दुकान आहे. आपल्या कार्यालयातील निम्म्या पँटी अर्जदाराने कमरेत सैल करून दिलेल्या आहेत. ही बाब केवळ ओळख पटावी म्हणून नमूद केली आहे.

२. अर्जदाराची आई गेल्या महिन्यात आठ दिवसांसाठी म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीकडे गेली आणि तिथे न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी लगेच उठून बसायला सांगितले, तर आईने भिंतीकडे तोंड फिरवले. बहीण, मेव्हणे, नर्स, सगळ्यांनी हात टेकले. आईचे म्हणणे एकच, “आधी माझी मांजर आणा, मग बघू.” अशीच पडून राहिली तर महिन्याभरानंतर तिला उभे करणे कोणाच्याच हातात राहणार नाही, असे डॉक्टरांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितले आहे. बहिणीचे गाव बसने अकरा तासांवर आहे. तिने अर्जदारास फोनवर कळवले, “दादा, तू नाही आलास तरी चालेल, पण तिला पाठव.” अर्जदारास हे लागले, परंतु मुद्दा बरोबर असल्याने त्याने पिशवीचे काम हाती घेतले.

३. बाजारातील प्लास्टिकचा पिंजरा आणून पाहिला. त्याचे दार खडखडताच मांजर माळ्यावर गेली व रात्रीपर्यंत उतरली नाही. सबब अर्जदाराने पिशवी स्वतः शिवण्याचे ठरवले. आपल्या नियमावलीनुसार मांजरीला आत उभे राहता, वळता व आडवे होता आले पाहिजे आणि पिशवी आसनाखाली मावली पाहिजे. जागेपणी मांजर टेप लावू देईना, म्हणून अर्जदाराने ती झोपलेली असताना माप घेतले. गिऱ्हाईक आडवे असताना माप घेऊ नये, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मांजर झोपेत किती लांब होते हे साहेबांनी पाहिले नसेल, तर सांगून पटणार नाही. तयार झालेल्या पिशवीत मांजरीसोबत शेजारीणही मावली असती. अर्जदाराने ती मुकाट्याने उसवली व नव्याने शिवली. तळाला फळी, तीन बाजूंना जाळी, चेन पुढे आणि वरही, कडांना दुहेरी टीप. पिशवी आता नियमात बसते, हे अर्जदार सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगत आहे.

४. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सल्ला दिला की, पिशवी आठवडाभर घरात उघडी ठेवा, खाणे तिच्याजवळ ठेवा आणि मांजरीच्या लाडक्या माणसाचे एखादे कापड आत घाला. अर्जदाराने आईचा कोपरावर रफू केलेला तपकिरी स्वेटर घातला. चार दिवस मांजर पिशवीभोवती नुसती हुंगत फिरली. पाचव्या दिवशी आत गेली. सल्ला इतका लागू पडला की ती तेव्हापासून बाहेरच येत नाही. खाणे व इतर विधी ती पहाटे उरकते. त्या वेळी खिडकी क्र. ६ बंद असते.

५. दि. २ रोजी अर्जदार पिशवी व मांजर घेऊन हजर झाला. निरीक्षक म्हणाले, “काका, आधी पिशवी रिकामी करा, माप घ्यायचंय.” नियम ७ तसाच आहे, वाद नाही. अर्जदाराने आत हात घातला. त्याच्या उजव्या हाताला तेव्हापासून पट्टी असून कात्री धरता येत नाही. “तुम्हाला जमत नाही, सरका,” असे म्हणून निरीक्षकांनी स्वतः हात घातला. त्यांच्या पट्टीविषयी अर्जदार काही बोलू इच्छित नाही. स्वेटरच ओढून काढला तर स्वेटरमागोमाग मांजर आली, पण मग तडक फायलींच्या कपाटावर चढली, आणि स्वेटर परत पिशवीत जाईपर्यंत दोन तास कोणालाही फाईल काढता आली नाही. स्वेटर गेला तशी तीही गेली, आणि तपासणी होती तिथेच राहिली. मांजर घरी ठेवून नुसती पिशवी आणावी असे शिपाई म्हणाले, परंतु नियम ४ प्रमाणे दोन्ही एकाच वेळी सादर करावी लागतात. अर्जदाराच्या नाकी नऊ आले आहेत.

६. दि. ६ रोजी अर्जदार कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसला असता बहिणीचा फोन आला. फोनचा आवाज मोठा होता. मागून आईने हाक मारली, “बाईसाहेब! कुठे तडमडलीस गं? ये इकडे!” मांजर एका उडीत बाहेर आली आणि फोनला कान लावून बसली. पिशवी, स्वेटर वगळता, तीन मिनिटे पूर्ण रिकामी होती. अर्जदाराने निरीक्षकांना हाका मारल्या. ते चहाला गेले होते. ते परतले तोवर फोन संपला होता व मांजर आत गेली होती. अर्जदाराची चहाबाबत तक्रार नाही. मात्र तपासणी खोलीत फोन वापरण्यास मनाई असल्याची पाटी आहे, आणि निरीक्षक खोलीबाहेर माप घेत नाहीत.

७. त्याच संध्याकाळी बहिणीने पुन्हा फोन केला. ती रडत होती, म्हणून अर्जदाराने वाईट बातमीच गृहीत धरली. पण बातमी वेगळी होती. ती हाक जोरात मारता यावी म्हणून आई आपण होऊन उठून बसली होती. नंतर आईने फोन घेऊन विचारले, “काय म्हणाले साहेब?” हाक मारण्यासाठी साहेबांच्या कार्यालयातून कामाच्या वेळेत केव्हाही फोन येऊ शकतो, असे अर्जदाराने तिला कळवले. हे त्याने आपल्या परवानगीशिवाय सांगितले, त्याबद्दल क्षमस्व.

८. तेव्हापासून आई सकाळी दहाला केस विंचरून, फोन मांडीवर घेऊन बसते आणि कार्यालय सुटल्यावरच आडवी होते. मधल्या सुट्टीत जेवते. काल दुपारी फोनला रेंज येईना, तर ती वॉकर धरून खिडकीपर्यंत चालत गेली आणि फोन हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

सबब विनंती की, निरीक्षक जागेवर असतील अशा कोणत्याही वेळी अर्जदारास तपासणी खोलीतून तीन मिनिटांचा एक फोन करू द्यावा आणि तेवढ्यात पिशवीचे माप घेऊन परवाना द्यावा. टेप अर्जदार स्वतःची आणील. आई उठली, म्हणजे आता परवान्याची निकड उरली नाही, असा शेरा कृपया मारू नये. ती मांजरीसाठी उठली आहे आणि मांजर अजून इथेच आहे.

आपल्या उत्तराकडे मायलेकांचे डोळे लागले आहेत.

आपला नम्र,
(सही, डाव्या हाताने)
अर्जदार, स्थानकामागचा शिंपी
दि. ९

सोबत :
१. पिशवीची मापे, अर्जदाराच्या सहीने.
२. नियमावलीची प्रत, नियम ४ व ७ खाली रेघ मारून.
३. इंजेक्शनच्या चिठ्ठ्या, दोन. पैकी एक निरीक्षकांची असून नजरचुकीने अर्जदाराकडे राहिली होती.
४. मांजर, पिशवीसह. मूळ प्रत असल्याने पडताळणीनंतर परत मिळावी.