नाटकातली सुपारी

नाना, तो गेला. परवा चोपड्याहून फोन आला. त्याचं नाव तुम्ही घरात कधी घेऊ दिलं नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. तुमच्या नाटकातला सालदार म्हटलं की पुरे.

कुठून उचललंत हो ते नाटक? जर्मनीतल्या बव्हेरियाच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्याचं, तुम्हाला रद्दीच्या दुकानात इंग्रजीत सापडलेलं. शाळेतून आलात की चहा गार होईपर्यंत त्यावर वाकलेले असायचात. तिथल्या डोंगरांचा तुम्ही सातपुडा केलात, बिअरच्या गुत्त्याचं चहाचं हॉटेल, आणि बोली आपली अहिराणी. मोठ्या घरचा मुलगा पोर पारखायला सालदार बनून येतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आणि त्याचा खरा सालदार त्याचे कपडे घालून पाहुणा होऊन बसतो. पोरीचा बाप पाहुण्याला बासुंदी वाढतो, दुसऱ्याला गोठ्यात झोपवतो, आणि पोर नेमकी गोठ्यातल्यावर भाळते. बाप तुम्ही, पोर मी. आणि गोठ्यातला तो, एसटी डेपोतला क्लार्क, बौद्ध घरातला. तुम्ही काठी आपटून त्याला विचारायचात, "कोना पोऱ्या शे तू?" आणि अख्खा मांडव पोट धरून हसायचा. शेवटी खरं कळलं की तुम्ही सुपारी फोडून माझा हात त्याच्या हातात द्यायचात. "मनी पोर आते तुनी."

अमळनेरजवळच्या एका गावात दुपारचा प्रयोग संपला, तर एक म्हातारी सरळ स्टेजवर चढून आली. तिला वाटलं, सुपारी खरीच फुटली. तिनं माझी ओटी भरली, हिरवा खण आणि मूठभर तांदूळ, आणि त्याला म्हणाली, "सांभाळजो रे भाऊ पोरले." तो खाली बघत "हो आजी" म्हणाला. तुम्ही तर हसत हसत तिच्या पाया पडलात. परतीच्या एसटीत सगळ्यांना सांगत होतात, किती भोळी माणसं. भोळी मीच होते. तुम्ही पाया पडलात ते बघून मला वाटलं, आता नानांना आमच्या दोघांचं सांगायला हरकत नाही.

सांगितलं. आई कळण्याच्या भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, पहिला घास हातात आहे. तुमचा आवाजसुद्धा चढला नाही. अहिराणी सोडून शुद्ध मराठीत विचारलंत, "कोणाचा मुलगा आहे तो, माहीत आहे ना?" मी म्हणाले, अहो तुम्हीच तर रोज त्याच्या हातात माझा हात देता. "नाटक ते नाटक," म्हणालात आणि ताटावरून उठलात. तुमच्या नाटकातला सालदार शेवटी मोठ्या घरचा निघतो. हा कोणी दुसरा निघालाच नाही, नाना. जसा होता तसाच राहिला, आणि तेवढ्यासाठी तुम्ही मला धुळ्याला देऊन टाकलंत. नाटकही बंद केलंत. नवरा वाईट नव्हता, पण मी त्या घरात सून वठवली, बायको वठवली, इतकंच. तुमच्या फोटोला हार घालते ना, तेव्हाही माझ्या मनात राग असतो.

फोन ठेवल्यावर जावंसं फार वाटलं. पण कोण म्हणून जाणार? तिथे त्याची बायको, मुलंबाळं. मग मी डोक्यावरून पाणी घेतलं, आपलं माणूस गेल्यावर घेतात तसं, आणि ओल्या केसांनीच कपाट उघडून तो खण काढला. घडीवर त्याचा रंग पार उडालाय. तेवढ्यात सून दारात आली. "आई, अशी अवेळी आंघोळ? कोण गेलं?"

"आमच्या नाटकात एक होते," म्हणाले. ती हळहळली आणि चहा टाकायला गेली.

हे पत्र मी आता त्या खणाच्या घडीत ठेवणार आहे. तुम्ही असतात आणि तुम्ही विचारलं असतंत, कोण गेलं, तर खरं सांगते नाना, तुम्हालाही मी हेच उत्तर दिलं असतं.