दोघांच्या डावात टाकलेली पानं

अण्णा, आज माळ्यावरून तुमचा बिस्किटांचा डबा खाली काढला. आत कंटेनर यार्डातली तुटलेली सिलं तशीच आहेत, पिवळी आणि निळी. उरणला कंटेनरचं सील तपासून तोडायचं हे तुमचं काम. तोडलेली खिशातून घरी यायची आणि नेरुळच्या गॅलरीत आपण दोघं पैशांऐवजी ती लावून पोकर खेळायचो. खेळ तुम्ही बोटीवरच्या खलाशांकडून शिकलेला. तुम्ही वाट पाहायचात. चांगली पानं येईपर्यंत हातातली पालथी टाकून डाव सोडत राहायचात, आणि आली तरी मी लावीन तेवढंच लावायचात. मी दर डावाला वाढवायचे. "अगं, दम धर की पोरी. पानं काय पळून चाललीत?" मी म्हणायचे, "दहा जणांत थांबणं ठीक आहे, अण्णा. दोघांत दर डावाला पानं बघण्याआधीच काहीतरी लावावं लागतं. थांबलात तर बसल्या जागी संपाल." आतून आई, "शिकवा अजून. सासरी पत्तेच कुटायचेत तिला." बहुतेक वेळा मीच जिंकायचे. त्या खेळापुरतं माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

एकदाच रागावलात. मी शाळेत होते. तुम्ही पानं टाकलीत आणि मी ती उलटून पाहिली. "टाकलेलं ज्याचं त्याच्यापाशी," एवढंच म्हणालात. आठवडाभर डबा काढला नाहीत.

मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर काही वर्षं निघतील, नाहीतर ऑपरेशन. धोका दोन्हीकडे आहे. तुम्ही म्हणालात, "गोळ्या चालू हायेत की. बघू." त्या 'बघू'चा मला कंटाळा आला होता. संमतीचा कागद तीन आठवडे फ्रिजवर पडून होता. एका रविवारी दुपारी मी तो डब्याशेजारी ठेवला.

"एक डाव. मी जिंकले तर सही."

"आन् मी जिंकलो तर?"

"पुन्हा विषय काढणार नाही."

तुम्ही हसलात. पानं वाटलीत, हातात दोन-दोन, मध्ये पाच उघडी. शेवटचं पान उघडल्यावर मी होती नव्हती ती सगळी सिलं पुढे ढकलली. तुम्ही पानांकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिलात, बराच वेळ. मग पानं पालथी टाकलीत. "घे. पेन कुठंय?"

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. आई अजून विचारते. आज सकाळीही गवार मोडता मोडता विचारलं, "त्यांना करायचं होतं ना गं?" मी म्हटलं, "सही त्यांचीच आहे." इतकी वर्षं हेच सांगते आहे. ती मान हलवते आणि पुढची शेंग घेते.

हे पत्र डब्यात सिलांखाली राहील. तुम्ही पेन आणायला आत गेलात तेव्हा मी तुमची पानं पाहिली. दोन राजे होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. तुम्ही फसलात, की मला जिंकू दिलंत, की नुसते थकला होतात, ते त्या पानांवरून कळत नाही. तुम्ही बाहेर येता तोवर मी ती पुन्हा पालथी करून ठेवते. तुम्ही कागद मांडीवर घेता. पेन चालत नाही. तुम्ही ते झटकता, पुन्हा झटकता, कोपऱ्यात रेघोट्या ओढून बघता. तेवढा वेळ होता, अण्णा. मी गप्प बसले.