जान्हवीची शाळा सुटली, त्याबद्दल

नाहूर, दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या रुक्मिणीचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पुढचं वाचताना लक्षात असू द्या. खरंच खुशाल आहोत.) फोन करणार होते, पण पलीकडून तुमचं ‘हं, बोल’ ऐकलं की माझ्या तोंडून हवापाण्याशिवाय काही निघत नाही. म्हणून लिहिते आहे. आधी बसून घ्या. वहिनींना जवळ बोलवा.

दादा, आपली जान्हवी जूनपासून शाळेत जात नाही.

झालं, लिहिलं. पुढच्या महिन्यात तुम्ही देवगडहून येणार, आल्या आल्या तिला ‘कितवीत गेलीस?’ विचारणार, आणि घरात कोणाला उत्तर देता येणार नाही, या धास्तीने मला जेवण जात नाही. तुम्ही जन्मभर हेडमास्तर. तुमच्यासमोर झाडावरचे कावळेसुद्धा रांगेत बसतात. तेव्हा रागावण्याआधी कारण ऐका. गेल्या वर्षी चाचणीच्या दिवशी पोर सकाळी उलट्या करायची. आम्हाला वाटलं, पित्त. मग एकदा व्हॅन खाली हॉर्न वाजवत होती आणि ही युनिफॉर्म घालून संडासात कडी लावून बसली. राजेशने दार ठोठावलं, ओरडला, गयावया केली. आतून एवढासा आवाज आला, “बाबा, मला काहीच आठवत नाहीये.” माझा लेक कोणापुढे हटणारा नाही, पण त्या दिवशी दारापाशी मटकन खाली बसला.

मग सूनबाईने, अक्षताने, कंप्युटरवर घरीच शिकायचा एक अभ्यासक्रम शोधला. पहिली ते आठवी, सगळं आहे: भाषा, गणित, विज्ञान, नकाशे, चित्रं, शिवण, कुंडीतली भाजीसुद्धा. पण घंटा नाही, इयत्तेची घाई नाही. मुलाने आपल्या चालीने शिकायचं आणि ‘मी तयार आहे’ म्हणेल तेव्हा चाचणी. (दादा, आपण दोघं असं कधी म्हणालो असतो का?) राजेश अंधेरीला ऑफिसात, अक्षता अर्धा आठवडा बाहेर, त्यामुळे देखरेखीला मी. पोर आफ्रिकेच्या नकाशात शिरली ती बाहेरच येईना. श्रावण संपला, गणपती आले, ही वाळवंटातच. मी रोज देवापुढे सांगायची, हिला निदान समुद्राला तरी लाव.

त्यात तळमजल्यावरच्या दीप्तीने लिफ्टपाशी विचारलं, “काकी, जान्हवी घरी कशी?” माझी पाचावर धारण बसली आणि तोंडातून निघालं, “गालगुंड झालंय.” आता गालगुंड म्हटल्यावर पोर खाली खेळायला कशी जाणार? ते गालगुंड लांबतच गेलं. शेवटी दीप्ती कसलासा लेप वाटून घेऊन दारात. जान्हवीनेच दार उघडलं आणि सांगितलं, “मला काही झालं नाहीये, मी घरी शिकते. आजी घाबरते म्हणून तसं म्हणाली.” आजी तेव्हा फ्रीजच्या आड उभी होती. दीप्ती म्हणाली, “मग लेप आजीला लाव.”

खरी वाट लागली ती पुढे. अभ्यासक्रमात एक धडा आला: आपल्याला वाटणारी एक भीती निवडा, घरातल्या एका मोठ्या माणसानेही स्वतःची निवडायची. मी म्हटलं, मला कसली गो भीती! (पाली, बँकेचं मशीन आणि तुम्ही सोडून.) तर म्हणते, “मग मुलुंडच्या मॉलमध्ये तू सरकत्या जिन्यावर का चढत नाहीस?”

नेलं मला. आंघोळीचं पाणी फार कढत असलं की कसा पाय टेकवून मागे घेतो, तसं माझं चाललं. मागे माणसं तुंबली. मी कपाळाला हात लावून परत आले. पुढच्या वेळी ती म्हणाली, “आज फक्त बघायचं.” दोघी समोर बाकावर बसून जिना बघत राहिलो. वॉचमन आमच्याकडे बघत राहिला. एकदाही ती ‘चल ना लवकर’ म्हणाली नाही, दादा. मी तिला व्हॅनपर्यंत हाताला धरून ओढत नेलं आहे, ते तिथे बसल्या बसल्या सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

तिसऱ्या खेपेला निऱ्या मुठीत धरल्या, रामरक्षा सुरू केली आणि ठेवला पाय. वर पोचेपर्यंत डोळे मिटलेलेच. उघडले तर पायऱ्या जमिनीच्या जबड्यात जात होत्या! मी जी उडी मारली ती थेट पुढच्या गृहस्थांच्या पाठीवर. त्यांच्या हातातलं पॉपकॉर्न जिनाभर. वॉचमनने लाल बटण दाबलं, जिना बंद, आणि अख्खी मुलुंडची पब्लिक मला शिव्या देत पायी वर. आणि जान्हवी पोट धरधरून हसत होती. ते हसू मी चौथीनंतर ऐकलंच नव्हतं.

हसणं ओसरल्यावर म्हणाली, “आता माझी पाळी ना?”

परवा सकाळी तिने स्वतःहून गणिताची चाचणी घेतली. मध्येच उठून मोरीत गेली. मी दाराबाहेर पदर तोंडात धरून उभी. काही झालं तरी आत जायचं नाही, असं मनाला बजावलं. नळाचा आवाज आला. मग ती बाहेर आली, तोंड पुसलं, परत जाऊन बसली आणि पेपर पुरा केला. मार्क किती ते तुम्ही विचारू नका. मीही विचारले नाहीत.

ती अजून घाबरते. मीही घाबरते. येताना जिना उतरायचा असतो, ते अजून व्हायचं आहे. तुम्ही याल तेव्हा तिला दारातच एकोणतीसचा पाढा विचारू नका, एवढं मागणं. आफ्रिकेचं विचारा. मग दोन तास काढून या.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
रुक्मिणी

ता. क. राजेश म्हणतो, मामाला मी समजावतो. समजावू देऊ नका. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त घाबरतो.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलं. दुपारी जान्हवी झोपली की मीही तो अभ्यासक्रम करते. घरात कोणाला माहीत नाही. पाचवी झाली, सहावीत अडकले आहे. अपूर्णांकाने भागताना दुसरा उलटा करून गुणायचं, ते जमतं. पण उलटा का करायचा? नीट समजावून चार ओळी लिहा. हेच तुम्ही मला वर्गात शिकवलं होतं. तेव्हाही कळलं नव्हतं, पण विचारायची छाती झाली नाही.